बेडूक हलवला कोणी?

गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून जुने फोटो साफ करायला बसलो. २०२१ च्या जुलै महिन्यातला एक फोल्डर उघडला. माझा आजवरचा सगळ्यात गाजलेला फोटो त्याच फोल्डरमधला. हिरवागार मलबार ग्लायडिंग फ्रॉग, नेच्याच्या वळणदार पानावर बसलेला, बोटांमधले केशरी पडदे पसरलेले, मागे गडद काळोख. एका मोठ्या निसर्ग-पेजने तो उचलला होता. ऑफिसातल्या लोकांनी अभिनंदन केलं होतं. आईने तो फॅमिली ग्रुपवर टाकला होता. खाली माझी कॅप्शन होती : ‘सह्याद्रीचा पावसाळी पाहुणा, त्याच्या नैसर्गिक अधिवासात.’

सोशल मीडियावर गेला तो एकच फोटो. फोल्डरमध्ये त्रेसष्ट होते. ते मी पहिल्यांदाच सलग, वेळेनुसार लावून पाहिले. पहिला ९ वाजून ५२ मिनिटांचा, शेवटचा १० वाजून ३१ मिनिटांचा. पहिल्या दोन फ्रेममध्ये बेडूक आमच्या डोक्याच्याही वर, फांदीवर, पानाआड आहे. त्याचं फक्त पोट आणि एक पाय दिसतो. तिसऱ्या फ्रेममध्ये तो नेच्यावर आहे. बाराव्या फ्रेमच्या कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा. एकतिसाव्यात बेडूक शेवाळलेल्या दगडावर. अठ्ठेचाळिसाव्यात तो एका भूछत्राशेजारी, आणि ते भूछत्र कुणीतरी दुसरीकडून उपटून आणलेलं, कारण त्याच्या देठाला माती लोंबतेय. शेवटच्या चार-पाच फ्रेममध्ये त्याने पाय अंगाखाली घेतलेत आणि डोळे अर्धे मिटलेत. तेव्हा मला वाटलं होतं, बेडूक ‘शांत झाला’, आता फोटो छान येतील.

आम्ही सहा जण होतो. मॅक्रो फोटोग्राफीच्या वर्कशॉपला पैसे भरून गेलेलो. बेडूक खाली काढला तो गाईडने, पण ‘जरा खाली घेता येईल का?’ हे विचारलं मी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

तर एकोणचाळीस मिनिटं. सहा फ्लॅश. एक बेडूक. आणि कॅप्शनमध्ये ‘नैसर्गिक अधिवासात’.

हा लेख त्या कॅप्शनविरुद्ध आहे. ती मी लिहिली होती म्हणून मला तो हक्क जरा जास्तच आहे असं मी समजतो. माझं म्हणणं सरळ आहे : ज्या उभयचराला त्याच्या जागेवरून हलवून फोटो काढला, तो फोटो वन्यजीव छायाचित्र म्हणून दाखवू नये, स्पर्धेत घेऊ नये, आणि आपण पाहणाऱ्यांनी त्याला दाद देऊ नये. ‘थोडंसं हलवलं’, ‘परत ठेवलं’, ‘त्याला काही झालं नाही’ यातलं काहीही चालवून घेऊ नये.

तो तिथे का बसला होता

आधी त्या फांदीचं बघू. पावसाळ्यात मलबार ग्लायडिंग फ्रॉगचे नर डबक्यावर, विहिरीवर, सिमेंटच्या टाकीवर झुकलेल्या झाडांवर येऊन बसतात आणि आवाज देतात. मादी आली, जोडी जमली की पाण्यावर लोंबणाऱ्या पानांमध्ये फेसाचं घरटं तयार होतं. अंडी त्या फेसात वाढतात आणि टॅडपोल थेंबासारखे खाली पाण्यात पडतात. म्हणजे फांदी कुठली, ती पाण्यावर किती झुकलेली, खाली पाणी आहे का, हे सगळं महत्त्वाचं. फोटोसाठी कुणी फांदी वाकवून बांधून ठेवली, तर टॅडपोल पाण्याऐवजी चिखलात पडतील. मी अशी बांधलेली फांदी पाहिली आहे, बुटाच्या नाडीने.

तो नर तिथे आमच्यासाठी बसला नव्हता. वर्षातल्या मोजक्या रात्रींपैकी ती एक होती. आमच्यासाठी ती शनिवारची रात्र होती, पुढच्या शनिवारी पुन्हा येता आलं असतं.

काही जातींकडे तर इतकीही सवड नसते. आंबोलीचा टोड घ्या. २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि आज आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. पहिला पाऊस झाला की तो सड्यावर येतो, जांभ्याच्या खळग्यात साचलेल्या बोटभर पाण्यात अंडी घालतो आणि काही दिवसांत हंगाम संपतो. पावसाने मध्येच ओढ दिली तर खळगा सुकतो आणि अंडी वाया जातात. ही शर्यत त्याला दरवर्षी धावावी लागते. केरळातला जांभळा बेडूक, ज्याची ओळख जगाला २००३ मध्ये झाली, तो तर जवळपास सगळं वर्ष जमिनीखाली काढतो आणि पावसाच्या सुरुवातीला जेमतेम काही दिवस प्रजननासाठी वर येतो. अशा प्राण्याची एक रात्र फुकट घालवणं म्हणजे काय, याचा हिशोब आपल्या वीकेंडच्या मापाने होणार नाही.

आता हाताचं बघू. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून पितो. श्वासाचा मोठा भागही कातडीतूनच घेतो. त्या कातडीवर चिकट ओलसर थर असतो. जंतूंपासून बचाव, पाणी धरून ठेवणं, हे सगळं त्या थरावर अवलंबून असतं. आपल्या हातावर काय असतं? घामाचं मीठ, सॅनिटायझर, डास पळवायचं क्रीम, वडापावचं तेल. माणसाची कातडी म्हणजे रेनकोट असेल तर बेडकाची कातडी म्हणजे फुप्फुस आहे. कुणाच्या फुप्फुसाला क्रीम लावलेल्या हाताने धरून ‘बघ कसा शांत बसलाय’ असं आपण म्हणणार नाही.

आणि हात एकाच बेडकाला लागून थांबत नाहीत. काइट्रिड नावाची बुरशी उभयचरांच्या कातडीवर वाढते. २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार या बुरशीमुळे जगभरात किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यातल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. ती आपल्याकडेही आहे. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती सापडल्याचं २०१३ मध्येच प्रसिद्ध झालं. आशियातले बेडूक या बुरशीबरोबर फार जुन्या काळापासून राहत असावेत, म्हणून इथे दक्षिण अमेरिकेसारखा संहार झालेला दिसत नाही, असं मानलं जातं. पण तेच चिखलाचे बूट घालून एका वीकेंडला कर्नाटकातला ओढा, दुसऱ्या वीकेंडला महाराष्ट्रातला सडा, तिसऱ्याला केरळ, असं फिरणारी नवी जमात आपण आहोत. एका घाटातला जंतू दुसऱ्या घाटात न्यायला याहून सोयीची व्यवस्था नाही. बूट धुणारा फोटोग्राफर मला पाच वर्षांत दोनदा भेटला.

ओंडक्याखालची आकाशगंगा

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढ्याने बेडूक संपतात होय? म्हणून एक उदाहरण.

केरळच्या इडुक्की जिल्ह्यात गॅलेक्सी फ्रॉग नावाचा बेडूक राहतो. बोटाच्या टोकावर मावेल एवढा, काळा, अंगावर फिकट निळसर ठिपके. रात्रीच्या आकाशाचा तुकडा तोडून बसवल्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. त्याच्या प्रजातीत तो एकटाच आहे, जवळचं नातलग कुणी नाही. राहतो कुजणाऱ्या ओंडक्यांखाली आणि पालापाचोळ्यात. २०२० मध्ये तिथे काम करणाऱ्या एका संशोधकाला असे सात बेडूक सापडले. मग कोविड आला. काही काळाने तो परत गेला, तेव्हा ओंडके उलथलेले होते, झाडोरा तुडवलेला होता आणि बेडूक नव्हते. जंगलातल्या स्थानिक वाटाड्याने सांगितलं, फोटोग्राफरचे गट येऊन गेले. ओंडके उलटवले, बेडूक हातात घेतले, चांगल्या बॅकग्राउंडवर नेऊन ठेवले. त्यात दोन मेले. डिसेंबर २०२५ मध्ये ही बातमी जगभर पोचली.

बातमीखालच्या प्रतिक्रिया मी वाचल्या. बहुतेकांना वाटलं, कुणीतरी क्रूर लोक असतील. मला तसं वाटत नाही. ते आपल्यासारखेच असणार. नोकरी करणारे, सुट्टी काढून आलेले, निसर्गावर मनापासून प्रेम असलेले, लेन्सचे हप्ते भरणारे. त्यांनी ओंडका उलटवला तेव्हा कुणालाही मारायचं नव्हतं. त्यांना फक्त तो फोटो हवा होता जो आधीच्या कुणाकडेतरी होता.

ओंडक्याचं एक लक्षात घ्या. तो वर्षानुवर्षं जमिनीला टेकून कुजतो, तेव्हा त्याच्याखाली थंड, दमट, काळोखी खोली तयार होते. तो उचलला की ती खोली मोडते. परत ठेवला तरी पूर्वीसारखा बसत नाही, फटीतून हवा जाते, माती सुकते. ‘आम्ही दगड परत ठेवतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी एकदा आपल्या घराचं छप्पर काढून पुन्हा ठेवायला कुणाला तरी सांगावं.

आपल्या देवगांडुळांची गत वेगळी नाही. बिनपायाचा, गांडुळासारखा दिसणारा हा उभयचर जमिनीत राहतो. सह्याद्रीत त्याच्या कितीतरी जाती आहेत. आंबोलीतून २००३ मध्ये एका नव्या जातीचं वर्णन झालं. त्याचा फोटो ‘सहज’ मिळणं जवळपास अशक्य आहे. तरी इंटरनेटवर स्वच्छ धुतलेल्या देवगांडुळांचे झळझळीत फोटो भरपूर आहेत. ते कुठून आले? कुणीतरी माती उकरली, दगड उलटवले. एका फोटोमागे किती दगड उलटले, ते कॅप्शनमध्ये कधीच नसतं.

काळं बॅकग्राउंड

‘पण फोटोंमुळेच तर लोकांना बेडूक कळले ना? अवेअरनेस!’

हा सगळ्यात मोठा बचाव आहे, आणि मी तो स्वतः वापरलेला आहे. म्हणून तो नीट तपासू.

माझ्या त्या गाजलेल्या फोटोने कसला अवेअरनेस केला? बघणाऱ्याला काय कळलं? बेडूक हिरवा असतो, सुंदर असतो, काळोखात रत्नासारखा चमकतो. तो कुठे राहतो, हे कळलं का? नाही, कारण फ्लॅशने मागचं सगळं काळं केलं होतं. डबकं नाही, फांदी नाही, फेसाचं घरटं नाही, शेजारचा नर नाही. ज्या नेच्यावर तो बसलेला दिसतो तिथे तो कधी बसलाच नव्हता. मी त्याला त्याच्या जागेवरून काढलं, आणि मग फोटोतून ती जागाही काढून टाकली.

हे निव्वळ सौंदर्यशास्त्राचं भांडण नाही. सड्यांचं उदाहरण घ्या. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सडे आठ महिने उघडेबोडके दिसतात. कागदोपत्री अनेकदा त्यांची गणती पडीक जमिनीत होते. ‘तिथे आहे काय, दगडच तर आहेत’ म्हणून चिऱ्यांच्या खाणी होतात, सुरुंग लावून आंबा-काजूच्या बागा होतात, प्लॉटिंग होतं. या जमिनीच्या बाजूने बोलायचं तर लोकांच्या डोळ्यांपुढे सडा हवा : जून महिन्यातला, खळग्यात पाणी साचलेला, त्या पाण्यात अंड्यांची माळ, काठावर टोड. असा फोटो कुठे दिसतो? आपण सगळे टोड सड्यावरून उचलून काळ्या बॅकग्राउंडवर ठेवत आलो. प्रसिद्धी टोडला मिळाली, सडा पडीकच राहिला. उद्या त्या सड्यावर पोकलेन आला, तर टोडचा फोटो लाइक केलेल्या हजार जणांपैकी किती जणांना कळेल की त्याचा या जमिनीशी संबंध आहे?

२०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये हा सगळ्यात संकटात असलेला गट. मुख्य कारणांमध्ये अधिवासाचा नाश आणि हवामानबदल. म्हणजे ज्या गोष्टीमुळे ते मरतायत, नेमकी तीच आपण फोटोतून कापतो आणि त्याला अवेअरनेस म्हणतो.

‘बेडूक छत्री धरून बसला’, ‘बेडूक भुंग्यावर स्वार झाला’ असले फोटो तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. इंडोनेशियातून असे बरेच आले आणि त्यांच्या खरेपणाबद्दल जाणकारांनी वेळोवेळी शंका घेतल्या. त्या फोटोंना आपण हसतो. माझा नेच्यावरचा बेडूक त्यांचाच चुलत भाऊ होता. फक्त छत्री नव्हती, इतकंच.

काही आक्षेप

‘रस्त्यावर गाडीखाली त्याहून कितीतरी जास्त मरतात, त्यांचं काय?’

मरतात. पावसाळ्याच्या रात्री घाटरस्त्याने गेलात तर टायरखाली काय काय येतं ते मोजवणार नाही. पण त्या रस्त्यावर रात्री साडेनऊला कोण असतं? भाजीचा टेम्पो, एसटी, आणि बेडूक बघायला निघालेली आपली एसयूव्ही. मीही तशाच गाडीत होतो. मोठा अपराध दुसऱ्याचा आहे म्हणून आपला छोटा माफ होत नाही, आणि इथे तर मोठ्यातही आपला वाटा आहे. फोटोंसाठीच्या रात्रीच्या फेऱ्या चालत करा, गाडी मुक्कामी ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच कमी होतो.

‘शास्त्रज्ञही पकडतात की.’

पकडतात. संरक्षित क्षेत्रात वनविभागाची परवानगी घेऊन, ठरावीक संख्येत, नोंद ठेवून. बदल्यात जगाला काहीतरी कळतं. पण मला याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की उभयचरांबद्दलच्या सगळ्यात भन्नाट गोष्टी न पकडता कळल्या आहेत. आपल्या कोयनेजवळच्या हुंबरळीत प्रा. बिजू यांच्या गटाने चाळीस रात्री ओढ्याकाठी बसून बॉम्बे नाइट फ्रॉगचं मीलन पाहिलं आणि चित्रित केलं. यातला नर मादीला घट्ट मिठी मारत नाही, तिच्या पाठीवर नुसता टेकतो आणि हात आजूबाजूच्या पानावर किंवा फांदीवर ठेवतो. ही पद्धत तोवर कुणालाही माहीत नव्हती. २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कर्नाटकात जोगच्या परिसरातला एक बेडूक आपल्या अंड्यांना हातांनी चिखलाचा लेप देतो, म्हणून त्याचं नाव ‘कुंभारा’. २०१४ मध्ये त्याचं वर्णन झालं. हे दोन्ही बेडूक उचलून नेच्यावर ठेवले असते तर काय दिसलं असतं? दोन तपकिरी बेडूक. लाइकसुद्धा बेताचेच मिळाले असते.

‘गाईडचं पोट त्यावर आहे.’

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण खरा आहे. त्या रात्री फांदीवरचा बेडूक खाली काढणाऱ्या काकांना बेडकांबद्दल आम्हा सहा जणांच्या बेरजेपेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी काढला, कारण आम्ही पैसे मोजलेले होते आणि आमच्यातल्या एकाने आधीच ‘मागच्या बॅचला तर पाच फुटांवर मिळाला होता’ असं ऐकवलं होतं. पुनरावलोकनात एक तारा कमी पडला तर त्यांचा पुढचा वीकेंड रिकामा जातो. त्यामुळे गाईडला दोष देणं म्हणजे डिलिव्हरी बॉयने सिग्नल तोडला म्हणून त्यालाच झापण्यासारखं आहे. दहा मिनिटांत हवं होतं कुणाला?

सुधारायचं ते गिऱ्हाइकाने. बुकिंग करतानाच सांगा : आम्ही हात लावणार नाही, तुम्हीही लावायचा नाही, काही दिसलं नाही तरी पूर्ण पैसे देणार, आणि रिव्ह्यूमध्ये हेच लिहिणार. मी गेली दोन वर्षं असं करतो. एका गाईडने फोनवर तीनदा खात्री करून घेतली की मी नंतर भांडणार नाही.

‘तू केलंस, तुझं नाव झालं, आता आम्हाला शिकवतोस.’

मान्य. म्हणूनच तो फोटो मी काढून टाकला नाही. त्याखालची कॅप्शन बदलली : ‘हा बेडूक फांदीवरून काढून इथे ठेवला होता. एकोणचाळीस मिनिटं त्रास दिला.’ त्यानंतर सत्तरेक लोकांनी मला अनफॉलो केलं. ज्या पेजने फोटो उचलला होता त्यांना मेसेज केला, त्यांनी उत्तर दिलं नाही. फोटो तिथे अजूनही जुन्याच कॅप्शनने आहे.

पत्ता लपवा, जागा दाखवा

गावाचं नाव का लिहिलं नाही, ते आता. मी रोज डेटाचंच काम करतो, त्यामुळे एवढं खात्रीने सांगू शकतो : एखाद्या दुर्मीळ प्राण्याचा पत्ता एकदा बाहेर पडला की तो परत आत घालता येत नाही. फोनच्या फोटोत जीपीएस लपलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसंच राहतं, आणि ‘क्वालिटी जाते’ म्हणून फोटोग्राफर नेहमी डॉक्युमेंटच पाठवतात. ते काढलंत तरी होमस्टेला टॅग करता, मागच्या स्टोरीत धबधबा दिसतो, कमेंटमध्ये कुणी विचारतं ‘लोकेशन प्लीज’ आणि कुणीतरी भाबडेपणाने सांगतं. पुढच्या शनिवारी त्याच ओंडक्यापाशी चार गट.

आयनॅचरलिस्टसारखी साइट धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप अंधुक करते. नकाशावर नेमक्या टिंबाऐवजी वीसेक किलोमीटरचा चौकोन दिसतो. एवढी काळजी एक सॉफ्टवेअर घेऊ शकतं, तर आपण कॅप्शनमध्ये ‘सह्याद्री, पावसाळा’ एवढ्यावर थांबू शकतो.

म्हणजे फोटोत सडा दिसू दे, ओढा दिसू दे, कुजका पाला दिसू दे. कुठला सडा ते सांगायची गरज नाही.

मग फोटो काढायचेच नाहीत?

काढायचे. मी काढतो. गेल्या जूनमध्ये एका सड्याच्या कडेला पाच फुटांवर बसून दोन तास टोड पाहिले. हेडलॅम्पवर लाल कागद लावला होता. सुरुवातीला सगळे गप्प झाले. आम्ही गेलो की ते नेहमीच गप्प होतात, आपल्याला वाटतं इथे आवाजच नाही. वीस मिनिटांनी एकाने सुरुवात केली, मग दुसऱ्याने. तासाभराने जणू आम्ही तिथे नव्हतोच. दोन नर एका खळग्यावरून ढकलाढकली करत होते. एक मादी आली, सगळ्यांना बघून निघून गेली. माझ्या चष्म्यावर पाणी, पाय बधिर, अंगावर चिलटं. मिळाले ते अकरा फोटो. त्यातल्या सगळ्यात चांगल्यात टोडच्या तोंडापुढे गवताचं पातं आडवं आलंय. ते पातं मी हाताने बाजूला केलं असतं तर फोटो स्पर्धेत गेला असता.

तो मी भिंतीवर लावलाय. पाहुणे विचारतात, यात बेडूक कुठे आहे? मग दाखवावा लागतो. दाखवताना सडा दाखवावा लागतो, खळगा दाखवावा लागतो, अंडी दाखवावी लागतात, ती सुकली तर काय होतं हे सांगावं लागतं. नेच्यावरच्या बेडकाबद्दल पाच वर्षांत मला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. ‘वॉव’ म्हणायचे आणि पुढे जायचे.

आता स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि पेज चालवणाऱ्यांना एक मागणी. उभयचरांचा फोटो घेताना मूळ रॉ फाइल तर मागाच, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा-दहा फ्रेमही मागा. वेळेसकट. बेडूक फांदीवरून नेच्यावर आणि नेच्यावरून दगडावर गेला असेल तर ते लगेच दिसतं, माझ्या फोल्डरमध्ये दिसलं तसं. यासाठी ना एआय लागतं ना तज्ज्ञांची समिती. दहा मिनिटांचं काम आहे. ते न करता ‘आम्ही नैतिक छायाचित्रणाचा पुरस्कार करतो’ असं नियमावलीच्या तळाशी छापणं थांबवा.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय. या बाजारातलं चलन तुमच्या अंगठ्यात आहे. एकेकाळी आपण बेडूक पकडायचो ते तंगड्यांसाठी. परदेशातल्या ताटांत भारतातल्या बेडकांच्या तंगड्या जायच्या. १९८७ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. आता बेडूक फोटोसाठी पकडले जातात, आणि गिऱ्हाईक परदेशात नाही, तुमच्या फीडमध्ये आहे. इथे सरकारी बंदी यायची वाट बघायची गरज नाही. काळ्या बॅकग्राउंडवर, डोळ्याच्या उंचीवर, पाय आखडून बसलेला, कडेने सुंदर लाइट मारलेला बेडूक दिसला की लाइक करायच्या आधी खाली एक ओळ लिहा : बेडूक हलवला कोणी?

उद्धटपणे नको, खरंच विचारा. ज्याने हलवला नसेल तो आनंदाने सांगेल, किती वेळ बसलो, कसा मिळाला. ज्याने हलवला असेल तो चिडेल, किंवा उत्तर देणार नाही. मला हा प्रश्न २०२१ मध्ये एकानेही विचारला नाही. विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. बहुतेक खोटंच बोललो असतो. पण पुढच्या वेळी ‘जरा खाली घेता येईल का?’ म्हणताना जीभ अडखळली असती.